हिवाळ्यापुरतं नेमावर

लहानपणी माझ्या वर्षाचे दोन तुकडे होते. होळीपासून दिवाळीपर्यंत धार आणि दिवाळीपासून पुन्हा होळीपर्यंत नेमावर. धारला आमचं भरलं घर होतं आणि नेमावरला, नर्मदेच्या घाटाजवळ, आत्याच्या दोन खोल्या. हे तुकडे फक्त आईच्या आणि माझ्या वाट्याला आले होते. घरातले बाकी सगळे बारा महिने धारला राहायचे आणि आमची कीव करायचे. करू देत. मला त्यांचीच कीव यायची.

याला कारण आईचा दमा. संस्थान विलीन झालं त्या वर्षी धारला अशी थंडी पडली की मार्गशीर्षभर आई मांडीवर उशी घेऊन बसून होती. आडवं पडलं की श्वास कोंडायचा. वैद्यांनी काढे दिले, शेक दिले आणि शेवटी म्हणाले, "हिला घाट उतरवून खाली न्या. नर्मदेकाठी हवा उबदार आहे. पुढचा हिवाळा इथे काढू नका." माझी आत्या, म्हणजे वडिलांची मोठी बहीण, नेमावरला राहायची. आतोबा तिथल्या एका लहानशा शंकराच्या देवळात पूजा करायचे. थोरल्या काकांनी तिला कार्ड टाकलं, आणि पुढच्या दिवाळीनंतर आम्ही निघालो. वडील शाळेत मास्तर, त्यांना फक्त नाताळच्या सुटीत येता यायचं. मला मात्र त्यांनी हेडमास्तरांच्या नाकावर टिच्चून बरोबर धाडलं. आईजवळ कोणी तरी हवं, आणि चौथीचं गणित काय, नर्मदेकाठीही होतं, असं त्यांचं म्हणणं.

आता थोरल्या काकांबद्दल सांगायला हवं. ते संस्थानात अंमलदार होते. संस्थान गेलं, कचेरी गेली, शिपाई गेले, हुकूम सोडायची सवय तेवढी राहिली. ती सगळी आमच्यावर आली. अंगणात सायकल कुठे ठेवायची याचेसुद्धा हुकूम सुटत. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्यासमोर बसलं की पाठ आपोआप ताठ व्हायची.

आई त्यांच्याशी बोलत नसे. भांडण नव्हतं, रीत होती. धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिरांशी समोरासमोर बोलायचं नाही, मध्ये कोणी तरी लागायचं. सहाव्या वर्षी हे काम माझ्याकडे आलं. आई स्वयंपाकघराच्या दारात, काका ओसरीवर, दोघांत चार हातांचं अंतर आणि मध्ये मी.

"त्यांना विचार, ताक हवंय का?"

"काका, ताक हवंय का?"

"आईला सांग, अर्धी वाटी. आणि मीठ नको."

आईला ते ऐकू आलेलंच असायचं. तरी मी वळून सांगायचे, "अर्धी वाटी. मीठ नको," आणि तोवर आई ताक ओतत असायची. बारा वर्षं एका घरात काढून त्या दोघांचं एकही वाक्य एकमेकांपर्यंत सरळ गेलेलं नव्हतं. मला या कामाचा फार अभिमान होता. मला खोटं बोलता येत नाही म्हणून लोक माझं कौतुक करतात, पण खरं सांगायचं तर मला गप्प बसता येत नाही, आणि या कामात गप्प बसायचंच नव्हतं.

नेमावरला जायचं म्हणजे आधी इंदूर, तिथे एक मुक्काम, मग दुसरी मोटार. घाट उतरायला लागला की आई खांद्यावरची शाल काढायची. कन्नौदला मंडीपाशी मोटार थांबायची आणि खिडकीतून जामफळं, म्हणजे आपले पेरू, घ्यायची. धारहून निघताना मुकाट बसलेली आई तिथे जामफळवालीशी खुशाल हुज्जत घालायची, "ये कच्चा है बाई, ये मऊवाला दो!" मी बघतच राहायचे. एवढा आवाज हिच्यात होता, तर धारला तो कुठे जायचा?

पहिल्याच संध्याकाळी आतोबा देवळातून आले तेव्हा आई सवयीने मला म्हणाली, "त्यांना सांग, चहा झालाय." आतोबा इकडेतिकडे बघायला लागले. "कोणाला सांगायचंय? मी इथेच आहे की!" आत्या पोट धरून हसली. "अगं, इथे निरोप्या ठेवायला जागा आहे का? तोंड आहे ते वापर." आई लाजली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "चहा झालाय." दोन दिवसांत ती आतोबांना भाजीवरून बोल लावायला लागली. माझं काम गेलं. मी आठवडाभर रुसून होते, मग मला नदी सापडली.

काय सुखाचे दिवस होते ते! सकाळचं ऊन घाटाच्या पायऱ्यांवर पसरायचं आणि आई तिथे बसून तांदूळ निवडायची. दमा पंधरा दिवसांत पळाला. घाटावर येणाऱ्या प्रत्येक बाईशी ती बोलायची, अर्धं मराठी, पाव हिंदी आणि उरलेलं माळवी, तेही मोडकं. नावाड्याच्या बायकोशी तर तिची गट्टीच जमली. माघ सरता सरता, पाणी जरा उबदार झालं तेव्हा, आत्या आणि ती नावाडीण दोघींनी मिळून आईला पोहायला शिकवलं. कमरेला वाळक्या भोपळ्यांची जोडी बांधलेली, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेला, आणि आई हात मारत ओरडतेय, "सोडू नका, सोडू नका!" त्यांनी तर केव्हाच सोडलेलं असायचं. नाताळात वडील यायचे तेव्हा दोघं वाळूत लांबवर चालत जायची. धारला मी त्यांना एकत्र चालताना कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या हिवाळ्यात संक्रांतीला आईने हळदीकुंकू करायचं ठरवलं. गावात आपल्या चालीरीतीची घरं दोन-चारच. आईने घाटावरच्या सगळ्याजणींना बोलावलं. वाण म्हणून लाकडी फण्या आणि तिळगूळ. बायका आल्या, नटून आल्या, फण्या घेऊन हसत गेल्या. आपल्याकडे हळदीकुंकू इथे संपतं. तिथे संपलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्या सगळ्या पुन्हा ओसरीवर हजर, प्रत्येकीच्या हातात काहीतरी. घेतलंय तर द्यायलाच हवं, असा त्यांचा हिशेब. बोरं, तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, एकीने तर आख्खा ऊस ओढत आणला. आणि सगळ्यांत शेवटी नावाडीण आली, डोक्यावर पितळी हंडा घेऊन. हंड्यात हातभर लांबीचा जिवंत मासा.

"बाई, म्हारे घर तो योज है," ती म्हणाली, म्हणजे आमच्या घरी हेच असतं. "रीते हाथ कसी आती?"

आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य. आत्याने कपाळाला हात लावला, आतोबा देवळाकडे चालू पडले. नावाडीण आईच्या तोंडाकडे बघत उभी. आईने क्षणभर विचार केला आणि कोयरी उचलली. हंड्यात हात घालून तिने माशाच्या डोक्यावर हळदकुंकू टेकवलं, त्याने शेपटीने तिच्या अंगभर पाणी उडवलं. "सुवासिनीचं वाण, नाही कसं म्हणायचं?" आई म्हणाली. "पण ही तर नर्मदामाईची लेक. तिला माहेरी पोचवून येऊ." आणि आम्ही सगळ्याजणी वाजतगाजत घाटावर गेलो आणि मासा पाण्यात सोडला. नावाडीण हसून हसून पायरीवरच बसली. "तमने तो इके पूज दियो, बाई!"

संध्याकाळी आत्याने मला जवळ घेऊन बजावलं, "हे धारला बोलायचं नाही हं." मी शपथ घेतली.

होळीपासून दिवाळीपर्यंत मी ते पोटात ठेवलं. आठ महिने! माझ्या आयुष्यातला तो विक्रम आहे, तो मी स्वतः नंतर कधी मोडला नाही. पण भाऊबिजेच्या फराळाला सगळं घर जमलं होतं, आणि काकांची मुलगी आपल्या सासरच्या संक्रांतीच्या थाटाच्या बढाया मारत होती. मला राहवलं नाही. "आमच्याकडे तर वाणात जिवंत मासा आला होता! आईने त्याला हळदकुंकू लावलं!"

काकांच्या हातातली चकली तशीच राहिली. "कुठे आला होता?"

"ओसरीवर," मी म्हणाले, आणि मग जीभ चावली.

आई दारात अनारशांचं ताट घेऊन उभी होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "आईला सांग, यंदा नेमावर नाही. पावसाळाभर दमा उठलेला नाही, म्हणजे प्रकृती सुधारली. आणि जिथे ओसरीवर मासळी येते तिथे आपल्या घरच्या सुनेने चार चार महिने राहायचं कारण नाही."

मी आईला सांगायला वळले. ती ताट ठेवून आत गेली. अर्धी भरलेली ट्रंक तिने कोपऱ्यात सरकवली. मी तिच्या मांडीत डोकं घालून रडरड रडले. "तू खरं तेच सांगितलंस," ती म्हणाली आणि माझ्या डोक्यावर थोपटत राहिली. मला ते बोलणी खाल्ल्यापेक्षा जास्त लागलं.

थोरल्या काकू आमच्या बाजूच्या. त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात युक्ती काढली. "अगं, जरा खोक. दोन दिवस नीट खोकलीस की हे स्वतः मोटारीत बसवून देतील." आईने ऐकलं. काका ओसरीवर पेपर वाचत होते तेव्हा तिने दारामागून खोकून पाहिलं. मी पुष्कळ खोकले ऐकलेत, पण इतका खोटा खोकला आजवर ऐकलेला नाही. काकूंनी तोंडात पदर कोंबला. आईला आधी हसू आलं, आणि मग ती एकदम गंभीर झाली. "नको," ती म्हणाली. "श्वास घेता येतोय, तर तो लपवायचा कशाला?"

त्या दुपारी पंगत बसली. काका, वडील आणि दोघे पाहुणे. आई वाढत होती, मी मिठाची वाटी घेऊन फिरत होते. ताकभात कालवला गेला तेव्हा आई माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"त्यांना सांग," ती म्हणाली. आवाज हळू होता, पण सगळ्यांना ऐकू येईल इतका. "मी बरी आहे. मला दमा नाही. तरी मला नेमावरला जायचंय."

वडिलांचा घास थांबला. "दादा, मी म्हणत होतो की..."

"तू थांब," काका म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "आईला विचार, बरं आहे तर कशाला जायचं?"

मी विचारायची गरज नव्हती. आईने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"त्यांना सांग," आई म्हणाली, "तिथे मी सगळ्यांशी बोलते."

हे मला सांगता आलं नाही. मी, जिला गप्प बसता येत नाही, ती तोंड उघडून तशीच उभी राहिले. काका पानातल्या भाताकडे बघत होते. बारा वर्षं त्या घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं ते त्यांना तेव्हा कळलं असावं, कारण त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा झाला. कानशिलं लाल झाली. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे, सरळ आईकडे पाहिलं.

"मोटार सकाळी सातला सुटते," ते तिला म्हणाले. "कार्तिकी पौर्णिमेच्या आत निघा. घाटात गार वारा असतो, शाल काढू नका."

आईचा हात माझ्या खांद्यावरून निघाला.

"नाही काढणार," ती म्हणाली. "तुम्हाला ताक वाढू का?"

"वाढा."

ती पुढे झाली आणि वाकून तिने त्यांच्या वाटीत ताक ओतलं. मला कोणी काही सांग म्हणालं नाही. मला इतका आनंद झाला की मी पंगतीत सगळ्यांच्या पानांत दुसऱ्यांदा मीठ वाढलं, आणि कोणी मला रागावलं नाही.