पाहुण्यांनी चाळलेले पुस्तक

उतारवयात लेखणी हाती धरलेल्या माझ्यासारखीने साहित्यव्यवहाराविषयी बोलावे, हे धाडसच आहे. वाचकांनी ते पोटात घालावे.

गेल्या रविवारी एका निवृत्त शिक्षकांच्या पहिल्या कादंबरीचे प्रकाशन झाले. प्रमुख पाहुण्यांनी रंगीत कागद सोडवला, छायाचित्रासाठी पुस्तक छातीशी धरले आणि ते प्रसन्नपणे म्हणाले, "वेळेअभावी पूर्ण वाचता आले नाही, पण चाळले आहे." सभागृह हसले. लेखकही हसले, मात्र मांडीवरच्या शालीची घडी ते पुन्हा पुन्हा सारखी करू लागले. माझ्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी पुटपुटल्या, "महिन्यापूर्वी मी स्वतः प्रत नेऊन दिली होती हो या पाहुण्यांच्या घरी!"

पुरस्कार, संमेलने आणि वाद यांच्या बातम्या मी आवडीने वाचते. त्यांत लेखक पुष्कळ भेटतात, वाचक क्वचितच. तरीही माझी खात्री आहे की, कुणी अनोळखी माणूस शेवटच्या पानापर्यंत पोहोचतो, तेव्हाच पुस्तक खऱ्या अर्थाने प्रकाशित होते.

ती कादंबरी दुकानात आधीच आली होती आणि मी ती वाचली होती. कार्यक्रमानंतर धीर एकवटून मी लेखकांना म्हटले, "सर, बहीण भावाला लिहिलेलं पत्र न टाकताच परत फिरते ना, तिथे मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिले. "टाकायला हवं होतं का तिनं? खरं सांगा."

"हवंच होतं!"

"छे, छे! बसा इथे, सांगतो."

आवडलेल्या पुस्तकाच्या लेखकाला तसे तुम्ही शेवटचे कधी कळवले होते?