लाडवांचा डबा आणि तळ्याचा काठ

आमच्या मावससासूबाईंशी भांडून उपाशी परत गेलेला माणूस अख्ख्या अमेरिकेत सापडायचा नाही. आधी समोरच्याला खायला घालायचं आणि मग त्याची हजेरी घ्यायची, हा त्यांचा शिरस्ता. ईडन प्रेरी गावातल्या त्यांच्या घरासमोर कुणी गाडी नुसतीच चालू ठेवून फोनवर बोलत बसला, की मावशी बर्फ तुडवत जातात, काचेवर टकटक करतात, शंकरपाळ्यांची पुडी आत देतात आणि म्हणतात, "हे खा आणि इंजिन बंद कर." कुणाच्याही घरी गेल्या तरी विनाकारण जळणारे दिवे मालवत फिरतात. एकदा बाथरूमचा दिवा मालवल्यावर आतून यजमानांचा आवाज आला. मावशींनी दिवा पुन्हा लावला, पण "लवकर आटपा" असं बजावूनच.

दर उन्हाळ्यात आम्ही उत्तरेकडच्या एका तळ्याकाठी रिसॉर्टवर जातो. तिथल्या लव्हाळ्यांत लून पक्ष्यांची एक जोडी घरटं करायची. मावशी दिवसभर खुर्ची टाकून त्यांच्याकडे बघत बसत. "बाळंतपणाला माहेरी येते गं ती," असं मला कौतुकानं सांगत.

एका वर्षी गेलो तर लव्हाळी साफ कापलेली. काठावर ट्रकनं आणून ओतलेली वाळू आणि पार पाण्याला टेकलेल्या नव्या कॉटेजेस. मालक तसा गरीब स्वभावाचा. म्हणाला, गिऱ्हाइकांना बीच लागतो. मावशींनी लगेच काउंटीच्या ऑफिसात फोन लावला, तर यातल्या कशालाच परवानगी नव्हती.

"मावशी, प्लीज, व्हेकेशनवर आलोय आपण," माझा नवरा म्हणाला. "कॉम्प्लेंट करून काय होणारे?"

"तुम्ही पोहा. मी करते."

संध्याकाळी त्या बेसनाचे लाडू घेऊन मालकाकडे गेल्या. "उद्या तुझी तक्रार करणार आहे. दुसऱ्याकडून कळायला नको, म्हणून सांगायला आले. लाडू घे." बिचाऱ्यानं खाल्ला, वर आणखी एक मागितला. मावशींनी लाडू दिला, तक्रारही केली.

काउंटीच्या ऑफिसातल्या सुनावणीत मालकाचा वकील म्हणाला, एवढ्याशा काठानं असा काय फरक पडतो. मावशी उठल्या. "तुमचे पाहुणे दोन दिवस राहून आपापल्या घरी जातात. ज्यांचं घरच तिथे होतं त्यांनी कुठे जायचं?" मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की मी भर ऑफिसात टाळ्या वाजवल्या.

काउंटीच्या हुकमानं कॉटेजेस हटल्या, वाळू उचलली गेली. लव्हाळी लावायला मावशी सलवार खोचून, लाइफ जॅकेट चढवून गुडघाभर पाण्यात उतरल्या. शेजारी मालक, आणि काठावर डबा.

यंदा गुडघ्यांमुळे त्यांना येता आलं नाही. माझ्याबरोबर त्यांनी मालकासाठी लाडू पाठवले आणि बजावलं, "जोडी आलीय का बघ. माझं मन राखायला खोटं सांगू नकोस."

लव्हाळी दाट झाली आहेत. मालकानं मावशींची खुर्ची नेहमीच्या जागी मांडून ठेवली होती. मी दिवसभर तिच्यात बसून राहिले आणि संध्याकाळी फोन केला.

"नाही आले, मावशी."

 

"लाडू दिलेस त्याला?"

"दिले."

"मग सांग त्याला, खुर्ची उचलू नको म्हणावं. घर तयार आहे, येतील ते. मीही येते."