दोन हात, चार बोटं

बुद्धप्रियाच्या स्वप्नात माणसं फारशी येत नाहीत, घरं येतात. आणि तीही पडकी नाहीत, पडायच्या आधीची. भिंती ओळंब्यात, दारं कुरकुर न करता लागणारी, ओट्यावर धुणं वाळत घातलेलं. सोळा वर्षांत मोजलेली शेकडो घरं झोपेत एकाच गल्लीत येऊन उभी राहतात आणि ती त्या गल्लीतून हातात काही न घेता चालत जाते. सकाळी आईला सांगायला जावं तर आई म्हणते, "तुझं डोकं ठिकाणावर हाय का?" या प्रश्नाला नांदेडात अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

तिचं काम तसं रुक्ष. पुरानं, वादळानं, आगीनं घराचं नुकसान झालं आणि घराचा विमा असला, की विमा कंपनी सर्व्हेअरला कळवते. सर्व्हेअर म्हणजे माणिकप्पा सर, मूळ उदगीरकडचे, बोलताना कानडी हेल काढणारे. सर बुद्धप्रियाला पाठवतात. तिनं जायचं, भिंती मोजायच्या आणि दुरुस्तीला विटा किती लागतील, सिमेंटची पोती किती, वाळू किती ब्रास, गिलावा किती चौरस फूट, याचा तक्ता करून आणायचा. तक्त्यात स्वप्नाला रकाना नसतो. तरी ती घरापाशी पोचली की लगेच फीत काढत नाही. आधी दहा मिनिटं ओट्यावर नुसती बसते. लोकांना वाटतं, म्याडम उन्हानं दमल्या. ते पाणी आणून देतात. ती मात्र पाणी घरात कसं शिरलं ते बघत असते. कोणत्या दारानं आलं, आधी काय उचललं. तिच्या मते पाण्याची पहिली ओढ चपलांना असते, मग पातेल्यांना, अंथरुणं सगळ्यात शेवटी सुटतात. "झोपेत मोजलंस काय गं घर?" असं सर चिडवतात खरे, पण तिच्या तक्त्यात ते सहसा खोट काढू शकत नाहीत.

एकदा मात्र काढली होती. धर्माबादला एका घरमालकाच्या शब्दावर तिनं भिंतीची लांबी न मोजताच लिहिली. कंपनीचा माणूस फेरतपासणीला आला, भिंत दीड फूट कमी भरली आणि त्या बिचाऱ्याचा अख्खा दावा खोटा ठरला. माणूस खोटं बोलला नव्हता, त्याला तशीच आठवत होती. तेव्हापासून बुद्धप्रियानं स्वतःला नियम घालून घेतला: आपली फीत जिथं टेकली नाही, तो आकडा आपण लिहायचा नाही. या नियमापुढं ती कुणाचं ऐकत नाही, सरांचंही नाही.

तर भाद्रपदात मन्याड नदीला पूर आला आणि काठची गावं दोन दिवस पाण्यात राहिली. दावे इतके आले, की कंधारच्या पलीकडच्या केवळाबाईच्या घराची पाळी यायला पाचवी माळ उजाडली. बुद्धप्रिया कंधारपर्यंत एसटीनं गेली, पुढं शेअर ऑटोनं. ऑटोतून मन्याड दिसली, बारीक, निळसर, आपण त्या गावचेच नाही अशा थाटात वाहणारी. तिच्याकडं बघता बघता बुद्धप्रियाचा डोळा लागला आणि उतरायचं गाव आलं तेव्हा ऑटोवाल्याला दोन हाका माराव्या लागल्या.

घर बघून मात्र तिची झोप साफ उडाली. घर लख्ख पांढरं होतं. खालपासून वरपर्यंत चुना. दारं सोड्यानं धुऊन तेल लावलेली. ओटा सारवलेला, त्यावर रांगोळी. दारात केवळाबाई उभी, पासष्टीची, अनवाणी, कपाळभर मळवट.

"या बाई. नाव काय म्हन्ले?"

"बुद्धप्रिया."

"हां," केवळाबाई म्हणाली.

हे नाव सांगितलं, की त्या "हां"च्या मागं एक बारीकसा थांबा येतो. समोरच्याला पुढचं काही विचारायची गरज उरलेली नसते. कुणाचा थांबा आखूड, कुणाचा लांब. चाळीस वर्षांत बुद्धप्रिया तो फितीशिवाय मोजायला शिकली होती. केवळाबाईचा मधलाच निघाला, काही कळू न देणारा.

"मावशी, हा चुना कधी लावला?"

"घट बसायच्या आदी. मंग? देवीला त्या गाळात बसवू का काय?"

"आणि भिंतीवरची पाण्याची रेघ?"

"घासली की! दोन दिस घासत व्हते एकलीच. लई घान दिसायली व्हती. तुमी कंपनीचे लोक येनार, काय म्हन्ताल, बाई कशी ऱ्हाती?"

आता हिला काय म्हणावं? नवरात्राआधी घर धुऊन काढायचं, गोधड्या नदीवर न्यायच्या, भिंती सारवायच्या, हे इथल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. त्यात पाहुणा येणार म्हटल्यावर तर विचारूच नका. ज्या रेघेवर सगळा दावा उभा राहायचा, ती केवळाबाईनं दोन दिवस गुडघ्यावर बसून काथ्यानं घासून काढली होती. आणि वर तिला त्याचा अभिमान होता! बुद्धप्रियाला हसू आलं, पण ते टिकलं नाही.

कारण घराची मागची भिंत. मातीत बांधलेल्या विटा, वरून गिलावा. पाणी मुरून भिंतीनं चांगलं वीतभर पोट काढलं होतं. चुन्यानं ते झाकत नव्हतं. ती भिंत उतरवून नव्यानं बांधायलाच हवी होती. पण पाणी घरात किती उंच उभं होतं हे दाखवता आलं नाही, तर कंपनी म्हणणार, पोट जुनंच आहे, पुराचा संबंध नाही. मग भिंत तशीच राहणार, आणि केवळाबाईची झोपायची जागा तिच्याच बुडाशी. मुलगा शिवम हैदराबादला कामाला, घरासाठी त्यानंच कर्ज काढलेलं, बँकेनं त्याबरोबर विमा उतरवलेला. तो काही रोज उशाशी भिंत धरून बसणार नव्हता. फाइल परवा पाठवायची होती.

बुद्धप्रियानं शोधायचं तेवढं शोधलं. विजेचा बोर्ड उघडला, तर तो नवाच बसवलेला. चौकटींच्या खाचा बघितल्या, त्यातला गाळ काडीनं कोरून काढलेला. शेजाऱ्यांकडं पुराचे फोटो होते, पण सगळे गल्लीतले. शेवटी ती ओट्यावर बसली आणि तिनं डोळे मिटले.

पाणी आलं. पुढच्या दारानं, रांगोळीवरून, आवाज न करता. चपला निघाल्या, मग पातेली. पाणी स्वयंपाकघरात वळलं, चुलीत शिरलं, राख वर तरंगली. तिथून उजवीकडं एक दार होतं, ते दिवसभर अर्धं लोटलेलं. पाणी काही दारं बघून थांबत नाही. ते तिथंही गेलं.

"मावशी, त्या खोलीत काय आहे?"

"देव हाय तिथं."

हे वाक्य बुद्धप्रियानं आयुष्यभर ऐकलेलं. कधी त्याचा अर्थ तेवढाच असतो, की आत देव आहे. कधी त्याचा अर्थ असतो, की तू बाहेर थांब. बोलणारा दोन्ही वेळा सारख्याच आवाजात बोलतो, आणि ऐकणारीनं उगाच हसून मान हलवायची असते. या गोष्टीचा तिला मनापासून कंटाळा आला होता. पण भिंत केवळाबाईची होती.

"तिथं आत कोपऱ्याकोपऱ्यात चुना लावला का?"

"लावला की. पेटीच्या मागं तेवढा न्हाई. सासूची सागवानी पेटी, पितळंनी भरलेली. चार मानसांबिगर हालत न्हाई. तिच्या मागं कोन जातंय?"

बुद्धप्रिया उठूनच उभी राहिली.

"मी येऊन बघू?"

"न्हाई बाई. माहूरची रेणुका बसल्याली हाय. नऊ दिस मी सोडून कुनीच न्हाई. सून आली तरी उंबऱ्याच्या भाईर." मग आपणहून तिनं पुढं जोडलं, "मी कुनाला शिवतबी न्हाई. पाळते."

सुनेलाही बाहेरच ठेवते म्हणाली, ते खरं असेल. नसेलही. बुद्धप्रियानं उंबऱ्याबाहेरून फोनवर फोटो काढून पाहिला. पेटी, समया आणि घटाभोवतीचं बोटभर उगवलेलं पोपटी धान तेवढं आलं. पेटीमागची फट फोटोत काळी. "मग ही फीत तुम्ही आत न्या," ती म्हणाली, तर केवळाबाईनं हातच मागं घेतले. "ती पट्टी शंभर घरच्या चिखलातून आली. ती नगं."

मग ती स्वतःच आत गेली. घटाला वळसा घालून पेटीशी उकिडवी बसली आणि तिनं उजवा हात फटीत घातला. बाहेरून बुद्धप्रियाला तिची पाठ दिसत होती, दिव्याच्या उजेडात हलणारा पदर दिसत होता. खोलीत ओल्या मातीचा आणि तेलाचा वास होता. क्षणभर तिला वाटलं, पाणी अजून त्या खोलीत उभं आहे आणि ही बाई त्यात हात घालून तळ चाचपते आहे.

"हाय!" आतून आवाज आला. "रेघ हाय. काळी, गाळाची. बोटाला लागायली."

"जमिनीपासून किती उंच?"

केवळाबाईनं कोपर जमिनीला टेकवलं, हात उभा केला, बोटाच्या टोकाशी दुसरं कोपर लावलं, वर बोटं ठेवली. शांतपणे, दोनदा.

"दोन हात आन् चार बोटं."

कंपनीच्या छापील कागदावर 'पाण्याची उंची' असा रकाना असतो आणि त्यापुढं फूट, इंच. हात आणि बोटं चालत नाहीत. शिवाय तिचा स्वतःचा नियम होताच. फीत कुठं टेकली?

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकायला हरकत नाही. माणिकप्पा सर तक्ता वाचून आधी खो खो हसले, मग चष्मा काढून त्यांनी तो पुन्हा वाचला आणि सही केली. दसऱ्यानंतर कंपनीचा माणूस खात्री करायला गेला. चौघांनी पेटी सरकवली, रेघ होती, आणि तक्त्यातल्या आकड्यापेक्षा ती पाव इंच खाली भरली. भिंत मंजूर झाली. दिवाळीनंतर ती बांधून झाली. पण बुद्धप्रियाच्या लक्षात राहिलं ते हे नव्हे.

तिच्या लक्षात राहिलं ते असं. केवळाबाई उंबऱ्याबाहेर आली तेव्हा बुद्धप्रिया तिच्या हाताकडं बघत होती.

"मावशी, प्रत्येकाचा हात वेगळा असतो. तुमचा किती इंच, ते मला मोजावं लागेल. तरच लिहिता येतं."

"मंग मोज की."

"तुम्ही शिवत नाही ना कुणाला. हे धरा, तुम्हीच मोजा." तिनं फीत सारवलेल्या जमिनीवर ठेवली.

बाहेर आल्यावर फितीची अडचण केवळाबाईला वाटली नाही. तिनं एक टोक कोपराशी दाबलं, पण दुसरं ओढायला हात उरला नाही. फीत सुर्रकन परत गेली. दुसऱ्यांदाही गेली. आपलाच हात आपल्याला मोजता येत नाही, हे दोघींनाही तेव्हाच कळलं. केवळाबाईनं फीत बुद्धप्रियाकडं सरकवली. मग तिनं बाही वर केली आणि हात पुढं केला.

"धर."

बुद्धप्रियानं फक्त फीत उचलली.

"धर म्हन्ते ना. कोपरापासून धर, नीट. मागनं कमी नको भरायला."

तिनं धरला. हात हलका होता, चुन्यानं भेगाळलेला, बांगड्यांखाली गार. बुद्धप्रियानं शून्य कोपराच्या हाडाला लावलं, फीत मधल्या बोटाच्या टोकापर्यंत नेली. सव्वासोळा इंच. मग चार बोटं जुळवून मोजली, पावणेतीन. तिनं सगळं पुन्हा एकदा मोजलं. पहिल्यांदा चूक झाली होती असं नाही.

केवळाबाई उठली. डावीकडं न्हाणी होती, तिथं भरलेलं पिंप आणि त्यावर तांब्या. बुद्धप्रियानं मान खाली घातली आणि फीत सावकाश गुंडाळायला लागली. शाळेत असताना एका मैत्रिणीच्या घरी तिनं माठातलं पाणी हातानं घेतलं होतं. कुणी काही बोललं नाही. ती पायऱ्या उतरत असताना मागं फक्त पाणी ओतल्याचा आवाज झाला. तेव्हापासून कुणाच्या दारातून निघताना तिचे कान त्या आवाजाची वाट बघत राहतात. तिला आता बघायचं नव्हतं. बाईनं आंघोळ केली तरी तिला दोष द्यायचा नाही, असं तिनं स्वतःला बजावलं, आणि तरी फीत गुंडाळता गुंडाळता ती थांबली.

पाण्याचा आवाज झाला नाही. पत्र्याच्या डब्याचं झाकण वाजलं.

तिनं वर पाहिलं. केवळाबाई आत देवीपुढं बसली होती आणि दिव्यात तेल घालत होती. मघाशी पुढं केला होता त्याच हातानं.

"लिवलं का?" तिनं मागं न बघताच विचारलं.

"लिहिते, मावशी," बुद्धप्रिया म्हणाली. तिनं वही उघडली आणि रकान्यात लिहिलं: दोन फूट सव्वाअकरा इंच, घरमालकिणीच्या हातानं मोजलं, हात मी मोजला. लिहिताना तिला रडू यायला लागलं. तिनं ते येऊ दिलं.