बिनसावळीची पेटी

बाबल तांडेलाला एखादी गोष्ट आवडली तर तो गप्प बसायचा आणि नावडली तर 'ह्यॅ!' म्हणायचा. मी त्याला सात-आठ वर्षं ओळखत होतो. एवढ्या वर्षांत तो गप्प बसलेला मी एकदाच पाहिला.

पहिला 'ह्यॅ' मला मिळाला तो आमच्या खिडकीवरून. मालवणच्या बाजारात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी फोटोचं दुकान थाटलं होतं. आमच्याकडच्या जुन्या घरांना शिंपल्यांची तावदानं असायची. चपटे, पातळ शिंपले चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांत बसवलेले. त्यांतून उजेड आत येतो, पण बाहेरचं काही दिसत नाही. मला ती भारी गावंढळ वाटायची. मी माझ्या वडिलांनी बसवलेली ती तावदानं उपटून मागच्या लाकडांच्या खोपीत फेकली आणि खिडकीला झकास काच बसवली. चार लोक येऊन वा वा करून गेले. पाचवा बाबल. खांद्यावर पंचा, उघडं अंग, उन्हाने करपलेली पाठ. त्याने ना कॅमेऱ्याकडे पाहिलं ना माझ्याकडे. सरळ खिडकीशी गेला आणि काचेवर टिचकी मारली.

"ह्यॅ! बापाशीन लावलेली खिडकी काढलंस आणि ह्या काय लावलंस रे? ऊन सगळा नाकात जाता."

मी म्हटलं, "उजेड येता तो."

"उजेड येगळो आणि ऊन येगळा. फोटो काढतंस आणि तुका येवढा कळणा नाय?"

मी तोंडावर त्याला 'तुमी' म्हणत असे, मनात काय म्हणत होतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आयुष्यभर गलबत हाकलेला माणूस, अक्षराशी वैर, आणि मला उजेड शिकवतोय! भिंतीवरच्या फोटोंकडे एक नजर टाकून तो बाहेर पडला. जाताना म्हणाला, "सगळी मेलेली माणसां कशी बसली हत." तुमचाही एक काढूया म्हटलं तर म्हणाला, "माझो कित्याक? मेल्यार लावतत ते."

येता-जाता 'ह्यॅ' ऐकवत पाच-सहा वर्षं गेली, आणि एकदा तो आला तो डोक्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन. देवबागेहून चालत, फाल्गुनातल्या उन्हात. ट्रंक उघडली तर आत गलबताच्या जुन्या शिडाच्या चिंध्या, आणि प्रत्येक चिंधीत एकेक शिंपला. कवड्या, शंख, पंख्यासारखे, काटेरी, नखाएवढे, सुपारीएवढे. मंगळूर, कोची, कराची, बसरा, जिथे जिथे गलबत नांगरलं तिथून याने शिंपले उचलले होते. बाकीचे खलाशी खजूर नि कापड घेऊन येत, हा शिंपले. आणि कोणता कुठला ते विचारा, बिनचूक सांगायचा. मी मनात म्हटलं, धन्य आहे! ज्या गावात पायाखाली शिंपले मोडतात त्या गावात हा परमुलखातून शिंपले घेऊन येतो.

पण त्याला घाई होती, आणि घाईचं कारण त्याने लगेच सांगितलं. आमच्याकडे शिंपला म्हणजे चुना. शिंपले भट्टीत भाजायचे, पाणी मारून फोडायचे, त्या चुन्याने घर पांढरं करायचं. दुसरा उपयोग कोणाला ठाऊक नाही. त्याच्या सुनेने, शेवंतीने, आदल्या चतुर्थीला पडवीतली एक टोपली भट्टीवाल्याला देऊन टाकली होती. तिच्या मनात पाप नव्हतं. तिला वाटलं, म्हाताऱ्याने घरासाठी जमवलेत. मुलगा मुंबईला गिरणीत, त्याला विचारणार कोण?

"मी मेल्यार ह्या सगळा भट्येत जातला," बाबल म्हणाला. एवढं बोलताना मात्र तो 'ह्यॅ' म्हणाला नाही.

सुट्टीत देवबागेला आलेल्या एका प्राध्यापकाने ती ट्रंक पाहिली होती. मुंबईच्या एका कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत. ते म्हणाले होते, निवडक शिंपल्यांचे फोटो पाठवा, ते दाखवून मी कॉलेजात एक कपाट मिळवतो, तुमचे शिंपले तिथे नीट राहतील. मात्र फोटोत सावली नको, चमक नको. सावली पडली तर कडा कळत नाही, चमक आली तर रंग कळत नाही. हे बाबलने पाठ केलं होतं आणि मला तो ते रोज ऐकवायचा.

मी म्हटलं, त्यात काय एवढं! टेबलावर पांढरं कापड घातलं, एक शिंपला ठेवला, फोटो काढला. शिंपल्यामागे त्याच्यापेक्षा मोठी सावली.

"ह्यॅ! ह्यो शिंपलो काय तेचो बापूस?"

मग पेटीची कल्पना माझीच. शिंपला पेटीत ठेवायचा, पेटीच्या बाजूंनी उजेड गाळून आत घ्यायचा. आता पेटी कसली घ्यायची यावर आमचे दोन महिने गेले. पहिल्यांदा आंब्याची पेटी घेतली. फळ्यांच्या फटींतून उजेड आला आणि शिंपल्यावर पट्टे उमटले. बाबल म्हणाला, "वाघ झालो." मग चहाचं खोकं घेतलं, बाजू कापल्या, पतंगाचा कागद चिकटवला. समुद्राच्या हवेने दुसऱ्या दिवशी कागद पोट सुटल्यासारखा लोंबायला लागला. कागदाला खोबरेल लावा म्हणून बाबलनेच सुचवलं. लावलं. उजेड बरा आला, मुंग्या त्याहून बऱ्या आल्या. फोटोत शिंपल्यावर एक मुंगी स्पष्ट दिसत होती, पाय मोजता येतील इतकी स्पष्ट. मी त्याला म्हटलं, "ही तुमच्या खोबरेलाची." तर म्हणे, "मुंगी बरी इली. शिंपलो खंय आसा?"

मच्छरदाणीचा मान शेवटचा. दाराच्या तोंडाशी टेबल, त्यावर खोकं, वर मच्छरदाणी. त्या दिवशी त्याने त्याची लाडकी कवडी काढली होती. तपकिरी, अंगावर सोनेरी ठिपके, तेल लावल्यासारखी चकचकीत. फोटो धुऊन मी भिंग लावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. कवडीच्या पाठीवर जाळी उमटली होतीच. शिवाय दार, दाराबाहेरचा रस्ता, कॅमेऱ्यामागचं माझं डोकं, आणि बाजूला हात वर करून माझ्यावर खेकसणारा बाबल, तांदळाच्या दाण्याएवढा.

त्याने भिंगातून पाहिलं.

"माका कवडी व्हयी, तुझी टकली नको!"

"तुमी पण आसात थंय."

"मगे फोड ती काच. शिरा पडो तुझ्या त्या पेटयेर!"

मी ती काच, म्हणजे फोटोची काचेवरची निगेटिव्ह, फोडली नाही. रागाने खणात फेकली, इतकंच. माझंही डोकं फिरलं होतं. म्हटलं, "तांडेलानू, तुमच्या शिंपल्यांपायी माझो धंदो बसलो. उद्यापासून येव नको." तोही तरातरा मागच्या दाराने निघाला. मागच्या दाराशी लाकडांची खोप. तिथे तो थांबला. वाळवी लागलेल्या लाकडांखालून त्याने माझ्या वडिलांची तावदानं ओढून काढली, पंच्याने पुसली आणि उन्हात धरली.

त्याच्या हातावर उजेड पडला होता, दुधासारखा. बोटांना सावली नव्हती.

"ह्यो बघ. हेका म्हणतत उजेड," तो म्हणाला. "पाण्यात उजेड सगळ्या वाटांनी येता. ह्येंका सावळी म्हायतच नाय रे. तू ह्येंका कागदात घालतंस!"

सुताराकडे न जाता त्याने स्वतःच पेटी जोडली. गलबताची डागडुजी करणारे हात, त्यांना पेटी म्हणजे काय! तिन्ही बाजूंना आणि वर शिंपल्यांची तावदानं, तळाला धुतलेल्या शिडाचा तुकडा, समोर कॅमेऱ्यापुरती फट. अंगणात सकाळच्या उन्हात पेटी ठेवली, आत तीच कवडी. फोटो धुऊन आला. सावली नाही, चमक नाही, जाळी नाही, माझं डोकं नाही. कवडीचे ठिपके मोजून घ्यावेत असे. मी फोटो त्याच्या हातात दिला आणि 'ह्यॅ'ची वाट पाहत उभा राहिलो.

बाबल गप्प बसला. किती वेळ! मग पंच्याने तोंड पुसलं आणि दुसरी चिंधी सोडायला लागला. मला आनंद झाला आणि त्याहून जास्त चीड आली. जे मी अडाण्यांची खूण म्हणून फेकलं होतं, त्यावर या अडाण्याने मला हरवलं होतं. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. आज लिहितोय, तेवढंच.

त्या पावसाळ्याआधी आणि नंतर आम्ही सगळे निवडक शिंपले काढले. पेटी तो कामापुरती घेऊन यायचा, घरी घेऊन जायचा. माझ्यावर भरवसा नव्हता. फोटो मुंबईला गेले. उत्तराचा पत्ता माझ्या दुकानाचा दिला, कारण बाबलला वाचता येत नव्हतं.

पुढच्या वर्षी लग्नसराईत, दुकानात एक नवरामुलगा कोट घालून फोटोला बसलेला, आणि बाबल आत शिरला. "कागद इलो?" नाही म्हटलं. मग त्याने नवऱ्यामुलाकडे पाहिलं, माझ्या खिडकीकडे पाहिलं आणि सुरू झाला. "ह्यॅ! अर्धा तोंड भाजलेला, अर्धा काळा. ह्या फोटोत बायल तुका वळखूची नाय रे. उठ, दुसरीकडे जा." नवरामुलगा उठला की हो! माझ्या दुकानातून गिऱ्हाईक उठून गेलं! मी बाबलला दाराबाहेर काढला आणि सगळ्या बाजारासमोर सांगितलं, पुन्हा पायरी चढायची नाही. तो पायरी उतरून निघाला, आणि तेव्हाच मला कळायला हवं होतं. त्याचं वय झालं होतं. चालताना हात भिंतीला लावत होता.

तिसऱ्या दिवशी पत्र आलं. प्राध्यापकांनी लिहिलं होतं, कपाट मिळालं, फोटो अप्रतिम आहेत, दिवाळीच्या सुट्टीत स्वतः येऊन शिंपले घेऊन जातो. मी पत्र वाचलं आणि खणात ठेवलं. म्हटलं, गरज त्याला आहे, येईल नाक घासत. देवबाग किती लांब? सकाळी निघालो तर दुपारच्या जेवणाला परत. नाही गेलो. बारा दिवस पत्र खणात पडून होतं. मग कणकवलीच्या एका लग्नाचं काम निघालं, तिकडे पाहुण्यांच्या आग्रहाने तीन आठवडे राहिलो. परत आलो तर बाजारात कोणीतरी म्हणालं, बाबल तांडेल गेलो. तापाने, तीन दिवसांत. अकरावं-बारावंसुद्धा उरकलं.

मी पत्र खिशात घातलं आणि देवबागेला गेलो. वाटेत स्वतःला बजावत होतो, माणूस गेला तर गेला, शिंपले तरी वाचवू. माड संपले आणि बाबलचं घर दिसलं. उन्हात डोळे दिपले.

शेवंती पडवीत आली. डोळे रडून सुजलेले. मला बसायला पाट दिला, गूळपाणी दिलं. मी भिंतीकडे बघत होतो. सुतक फिटलं म्हणून घर पांढरं केलं होतं.

"बघा भाऊनू, चुनो किती पांढरो झालो," ती म्हणाली. "मामंजींच्या ट्रंकेतले शिंपले. वाडयेत कोणाच्या घराक असो चुनो नाय. त्येंचा कायतरी घराच्या कामाक इला, बरा वाटला."

पत्र माझ्या खिशातच राहिलं. काय वाचून दाखवणार होतो? तिचा काय दोष? तिला सांगणारं पत्र माझ्या खणात होतं. लोकांच्या अडाणीपणाला मी जन्मभर नाकं मुरडली. त्या वाडीत त्या दिवशी अडाणी एकच होता, आणि तो पाटावर बसून गूळपाणी पीत होता.

निघताना तिने पेटी आणून दिली. "ही तुमची खिडकी. ही पण शिंपल्यांचीच. ट्रंकेचा मामंजी कायच बोलूक नाय, पण हिचा म्हणालले, ही फोटोवाल्याची, तेका परत दी." मग पदर सावरत म्हणाली, "भाऊनू, त्येंचो एकतरी फोटो आसा काय तुमच्याकडे? ह्या भितीक लावूक?"

नव्हता. सगळ्या गावाचे फोटो काढले, त्याचा एकही नाही. आणि मग मला खणातली काच आठवली.

दिवाळीत प्राध्यापक आले, त्यांच्यासमोर मान खाली घालून बसलो, ते वेगळंच. पण त्याआधी मी मच्छरदाणीची ती काच काढली आणि कवडीच्या पाठीवरचा तांदळाचा दाणा होईल तेवढा मोठा केला. जाळी आली, रस्ता आला, माझी टकली आली ती कापून टाकली. राहिला एक वाकडा, अंधूक म्हातारा. चेहरा कळत नाही, हात तेवढा वर केलेला. फ्रेम करून शेवंतीला नेऊन दिला. तिने ओळखला. "ओरडतत कोणाक तरी," म्हणाली आणि रडली.

तो फोटो अजून त्या घरात आहे. भिंतीला दरवर्षी चुना होतो, आता कुठलाही. मी कधी गेलो तर त्याच्यासमोर उभा राहतो. हात वर करून तो कोणावर ओरडतोय, ते त्या घरात मला एकट्याला ठाऊक आहे.