मूठभर अक्षता

मुलीच्या लग्नात व्हिडिओ काढायला आलेला म्हातारा क्रोएशियात फिल्म डायरेक्टर होता. वॉन शहरातल्या बँक्वेट हॉलमध्ये ट्रायपॉड लावता लावता त्यानेच हे सांगितलं.

"तुमचे सिनेमे कोण बघायचं?" मी विचारलं.

"सेन्सॉरवाले. प्रत्येक सिनेमा दोनदा. पुढे सेन्सॉर गेला. त्याच्याबरोबर प्रेक्षकही गेले."

हे सांगताना तो हसला नाही, म्हणून मीही हसलो नाही.

शूटिंगआधी तो चष्मा कपाळावर ढकलायचा आणि जिथे काहीच घडत नसेल तिथे बघत राहायचा. पाहुण्यांनी पोझ दिली की पाठ फिरवायचा.

महिन्याभराने फिल्म आली. त्यात बुफे नव्हता, नागपूरहून व्हिसा काढून आलेली आत्या नव्हती. अंतरपाट दूर झाला तेव्हा अख्खा हॉल नवरा-नवरीकडे बघत होता आणि याचा कॅमेरा माझ्यावर. सगळ्यांच्या अक्षता टाकून झाल्या, टाळ्या झाल्या, वाजंत्री सुरू झाली. मी आपला मूठ घट्ट मिटून उभा.

मी तावातावाने फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "किती वेळा बघितलीत?"

"दोनदा," मी म्हणालो.