माउथ ऑर्गनवरच्या अक्षता

आमच्या शेजारची हिमानी सरपोतदार इथे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटमध्येच जन्मली, वाढली. दिवसा दातांच्या दवाखान्यात नोकरी, बाकी वेळ ब्लूज, ते काळ्या अमेरिकनांचं दर्दभरं संगीत. गाते आणि माउथ ऑर्गन वाजवते. मी चाळीस वर्षं लेथवर उभा होतो. मेहनत कुणाची खरी, ते मला लगेच कळतं. हिची खरी. एक सूर नीट वाकवायला, म्हणजे श्वास ओढून किंचित खाली उतरवायला, तिने सात महिने घेतले. फ्रीवेवर गाडी अडकली की तोच सूर. तिची आई म्हणायची, वेड लागलंय. मी म्हणायचो, लागू दे.

बारा वर्षं ती बाजारांत, लोकांच्या बार्बेक्यूत वाजवत राहिली. मग सॅन होजेच्या एका क्लबातून क्लिफर्डचं बोलावणं आलं. सत्तरीचा गिटारवाला. त्याच्या बँडमध्ये एक जागा रिकामी होती. एकच गाणं ऐकणार, मग हो की नाही.

तो दिवस नेमका दसऱ्याचा. आमच्या कारखान्यात दसऱ्याला हत्यारांची पूजा व्हायची. मी तिचा माउथ ऑर्गन पाटावर ठेवून हळद, ओलं कुंकू, अक्षता वाहिल्या. तिने हसून नमस्कार केला. मीही तिच्या गाडीत बसलो. ट्रॅफिक इतका, की पोचलो तेव्हा बँड स्टेजवर होता. वाजवून बघायला वेळच नाही.

पहिलं कडवं ती गायली. टेबलांवरची बोलणी थांबली. मग माउथ ऑर्गन ओठांना लावला, आणि दहा भोकांपैकी चौथं घर मुकं. सगळं गाणं त्याच सुरावर उभं. मला लगेच कळलं. माझ्या अक्षता.

हिमानी थांबली नाही. तोच सूर पहिल्या घरात असतो, एक सप्तक खाली. ती तिथे गेली. ते घर वाकवायला छाती लागते. तिने लावली. असा जाड, खोल आवाज आला की ड्रमवाल्याने मान वर केली. क्लिफर्डने गिटार बारीक केली आणि तिला अजून एक फेरी दिली. मग अजून एक. माझे पाय आपोआप ठेका धरत होते.

खाली उतरल्यावर तिने माउथ ऑर्गनचे स्क्रू काढले. आतल्या सूर काढणाऱ्या पितळी पातीखाली लाल तांदूळ. क्लिफर्डने विचारलं, तिने सांगितलं. तो पोट धरून हसला.

"पुढच्या शनिवारी सहाला ये," तो म्हणाला. "दहाही घरं घेऊन."

हिमानी माझ्याकडे वळली. "काका, पुढच्या दसऱ्याला पूजा करायची. पण माउथ ऑर्गन डबीत बंद ठेवून."

मी मान डोलावली.