अण्णांच्या शिडाचं कापड

अण्णा गेल्याची बातमी मला हॉलंडहून कळली. अण्णांचं घर राजाजीनगरला, माझ्या चामराजपेटेतल्या दुकानापासून रिक्षाने अर्ध्या तासावर, पण अण्णांच्या शेजाऱ्यांकडे नंबर होता तो त्यांच्या लेकीचा, मेधाचा. तिने तिकडून मला फोन केला. "काकू, बाबा गेले. आत्ता सकाळी. मी पोचेपर्यंत तुम्ही जाल का तिथे?" मी ब्लाउजची बाही कापत होते. कात्री मध्येच थांबवली की कापडाला दाते पडतात, म्हणून मी ती बाही पूर्ण कापली आणि मगच उठले. हे लिहितानाही मला बरं वाटत नाही, पण झालं ते असंच. दुकानाचं शटर ओढलं, रिक्षा पकडली आणि मॅजेस्टिकच्या बसस्टँडच्या गर्दीत अडकल्यावर रडले.

अण्णा माझ्या नवऱ्याचे आतेभाऊ. माझं सासर कित्येक पिढ्या बंगळुरात शिंपीकाम करणारं. मी निपाणीहून लग्न होऊन इथे आले तेव्हा या मंडळींचं मराठी ऐकून मला हसू आवरायचं नाही. "स्वल्प सरकून बस की" असं म्हणणारा पहिला माणूस मी पाहिला तो म्हणजे अण्णा. पुढे नवरा गेला, दुकान मी चालवू लागले, गिऱ्हाइकं मला अक्का म्हणू लागली आणि माझ्याहून पुष्कळ मोठे असूनही अण्णा चेष्टेने मला अक्काच म्हणायला लागले. ते एका कारखान्यात लेथवर होते. नोकरीतून निवृत्त झाले, नंतर वहिनी गेल्या, मेधा तिकडे संसारात... आणि एके दिवशी या माणसाने राजाजीनगरच्या गच्चीवर प्लायवूडची होडी बांधायला घेतली.

समुद्र इथून कुठल्या कुठे, आणि गच्चीवर होडी! गल्लीतली माणसं जिना चढून बघायला यायची. मीही सोडलं नाही. "अण्णा, बंगळूर बुडणार आहे का? आधी सांगा, मशिन माळ्यावर ठेवते," म्हटलं. ते रंधा मारत होते, तो न थांबवता म्हणाले, "पस्तीस वर्षं खडखडाटात काढली, अक्का. घरी आलं तरी कानात मशिनच चालायची. एक तरी वस्तू अशी चालवायची आहे, की जी चालताना आवाज करत नाही." मग त्यांनी उजवा हात पुढे केला. बोटं थरथरत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे वाढत जाणार. पुढच्या वर्षी या हाताने दोरी धरता येईल की नाही, याची खात्री नव्हती. आपल्याकडे आषाढात वारा कसा सुटतो ते बंगळूरकरांना सांगायला नको, गच्च्यागच्च्यांवर पतंग असतात. त्या आषाढात होडी पाण्यात घालायची, असं अण्णांनी ठरवलं होतं. तेवढी एकच संधी आहे असं त्यांना वाटत होतं, आणि ते खरंच होतं.

होडी त्यांची, पण शीड माझं. कापड निवडायलाच आम्ही दोन महिने घालवले. अण्णा पिशवीतून तुकडे घेऊन यायचे आणि दुकानातल्या टेबलावर मांडायचे. निळी ताडपत्री, छत्रीचं नायलॉन, मांडवाचा जाड सुती कॅनव्हास. माझं मत पहिल्या दिवसापासून सुती कापडाच्या बाजूने. सुईखाली ते कसं शहाण्यासारखं वागतं, आणि हाताला माया लागते. अण्णांचं मत असं नव्हतंच. त्यांना मोजून बघायचं होतं. एका रविवारी त्यांनी मला हेब्बाळच्या तळ्याकाठी नेलं. बांबूच्या काठीला एकेक तुकडा बांधायचा आणि वाऱ्यात धरायचा, मी पकडायचं आणि त्यांनी वहीत लिहायचं. फिरायला आलेली माणसं वळून वळून बघत होती. मला लाज वाटत होती, पण गंमतही वाटत होती, हे खोटं कशाला सांगू. ताडपत्रीने इतकी फडफड केली की अण्णांनी ती तिथल्या तिथे बाद केली. नायलॉन हलकं, सुरेख, पण वाऱ्याने जरा जोर केला की तिरकं ताणलं जाऊन त्याचा फुगा व्हायचा. आमच्या भाषेत उरेबीत फार सुटणारं कापड. सुती तुकडा मी मुद्दाम शेवटी काढला. तो छान राहिला, मग अण्णांनी बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि तो ओल्या पोत्यासारखा लोंबायला लागला. "सरी, बरं," अण्णा म्हणाले, "आता काय म्हणतेस?" मी तो तुकडा पिळून पिशवीत कोंबला. परत येताना बसमध्ये खिडकीबाहेरच बघत बसले.

शेवटी मेधाने तिकडून कापड पाठवलं. खास शिडासाठी विणलेलं, पॉलिएस्टरचं, पांढरं. अण्णा ते लहान मुलासारखं छातीशी धरून आले. दुकानात ठेवलं, मापाचे कागद दिले, चहा घेतला आणि हॉस्पिटलात दाखवायचं होतं म्हणून घाईने गेले. मी गुंडाळी सोडली. कापड कसलं, पत्रिकेचा कागद! कडक, चुरचुरणारं, दुमडलं की वळ उठणारं. मी मनात म्हटलं, केवढी खळ दिली आहे मेल्यांनी. माझ्या सासऱ्यांनी मला कात्री हातात देण्याआधी एकच गोष्ट शिकवली होती: नवीन कापडाची खळ काढल्याशिवाय त्याला कात्री लावायची नाही, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि शिंप्याचं नाव जातं. चाळीस वर्षांत मी ते कधी मोडलेलं नाही. अण्णांचं कापड तर मी जास्तच मनापासून धुतलं. गरम पाणी, धुण्याचा सोडा, दोन दिवस भिजवलं, चोळलं, पिळलं, वाळवलं, वर गरम इस्त्री फिरवली. जुन्या चादरीसारखं मऊ झालं. मला केवढं समाधान वाटलं म्हणून सांगू! आठ दिवस बाकी सगळी कामं मागे ठेवून मी ते शीड शिवलं, दुहेरी टाक्याने, कोपऱ्यांना चार चार पदर लावून.

अण्णा न्यायला आले. त्यांनी शिडाची कड चिमटीत धरली, अंगठ्याने चोळून बघितली. परत दुसरीकडे धरून बघितली. "मऊ झालंय," ते म्हणाले. "मग? खळ काढली सगळी," मी तोऱ्यात सांगितलं. त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं, मग म्हणाले, "टाके फार सुंदर घातलेस, अक्का," आणि शीड गुंडाळून, उरलेले तुकडेही मागून घेऊन गेले. मला वाटलं, माणूस भारावलाय.

होडी दोरांनी गच्चीवरून उतरवली गेली, शहराबाहेरच्या एका तळ्यावर गेली. तिथल्या मासेमारीच्या ठेकेदाराशी अण्णांची ओळख होती, तोच ती राखायचा. आषाढात एका रविवारी मीही गेले. काठावर दगडावर बसून बघितलं. शीड वर चढलं, वाऱ्याने भरलं आणि होडी निघाली ती खरोखर बिनआवाजाची, पार पलीकडच्या काठापर्यंत. मला भरून आलं. येताना मात्र अण्णांनी शीड उतरवलं आणि वल्ही मारत आले. पाऊण तास लागला. काठाला लागले तेव्हा शर्ट घामाने चिंब, उजवा हात मांडीवर दाबून धरलेला. मी म्हटलं, "येतानाही शीड लावायचं की!" ते म्हणाले, "समोरून वारा असला की येत नाही, अक्का." मला पटलं. वारा समोरून आहे, तर होडी कशी येणार? त्या आषाढात, नंतर श्रावणातही, ते दर रविवारी गेले. दर रविवारी जाताना शीड आणि येताना वल्ही. नंतर हात फारच हलायला लागला तेव्हा थांबले. या वर्षी त्यांच्या हृदयाने दगा दिला.

तेराव्यानंतर मेधा दुकानात आली. तिच्या हातात ते शीड होतं. याच्या पिशव्या शिवून द्या, सगळ्या नातेवाइकांना एकेक देते, म्हणाली. मी ते टेबलावर पसरलं. ती त्याच्यावरून हात फिरवत होती आणि एकदम तिचा आवाज चढला. "बघा ना काकू, फडकं करून टाकलं! मी तीनदा बजावलं होतं, धुवू नका, घडीसुद्धा घालू नका म्हणून. त्या कडकपणावरच तर शीड उभं राहतं. तो गेला की शिडाला पोट सुटतं, मग होडी वाऱ्यावर चढतच नाही, नुसती वाऱ्याबरोबर वाहत जाते. आणि बाबांनी ते सोडा घालून धुतलं! का, तर म्हणे खळ वाटली. स्वतःच सांगितलं मला फोनवर. इतकी चिडले मी... तुम्ही कधी कुणाचं ऐकत नाही, असं म्हणाले मी त्यांना. तीन आठवडे फोन केला नाही मी त्यांना."

हॉस्पिटलच्या घाईत अण्णांचं मला हे सांगायचं राहून गेलं असणार. समोरून वारा असला तरी होडी येते, तिरकी तिरकी का होईना पण येते, हे मला त्या दिवशी कळलं. अण्णांना ते माहीत होतं. चिमटीत कापड धरलं त्याच क्षणी त्यांना सगळं कळलं होतं. मी गप्प बसले असते तरी चाललं असतं, असं एक मन म्हणालं, हे मी लपवत नाही. गेलेला माणूस काही सांगायला येणार नव्हता, आणि खरं सांगितलं तर या पोरीला आणखी एक दुःख होणार होतं, की आपण बापावर विनाकारण रागावलो. पण ती पोर बापाला हट्टी, कुणाचं न ऐकणारा समजून विमानात बसणार होती. ते मला सोसवेना.

"मेधा, ते त्यांनी नाही धुतलं," मी म्हटलं. "मी धुतलं."

ती खाली बसली, शीड तोंडाशी धरलं आणि रडली. मी तिला जवळ घेतलं नाही, मला तो हक्क वाटेना. बऱ्याच वेळाने तिने एवढंच विचारलं, "त्यांनी तुम्हाला काहीच म्हटलं नाही?" "टाके सुंदर आहेत म्हणाले," मी सांगितलं. त्यावर ती रडता रडता हसली, मलाही हसू आलं आणि त्या हसण्याची मला लाज वाटली. पिशव्यांचा विषय तिने परत काढला नाही.

दुसऱ्या दिवशी घर आवरायला मी तिच्याबरोबर राजाजीनगरला गेले. अण्णांच्या खोलीत दाराआड वल्ही उभी होती; तळ्यावर ठेवली की चोरीला जातात म्हणून ते ती घरी आणत. मेधाने एक उचललं आणि माझ्या हातात दिलं. मुठीच्या जागी पांढरं कापड गुंडाळलेलं होतं, हातांच्या घामाने काळवंडलेलं. मी ओळखलं. माझ्याकडून मागून नेलेले उरलेले तुकडे. फोड येत असणार हाताला, आणि ते कापड मऊ होतं, मीच केलेलं मऊ. त्याच्यावर टाके होते. इकडून तिकडे भरकटलेले, कुठे बोटभर, कुठे एकावर एक, थरथरत्या हाताने स्वतः घातलेले. घरात शिंपीण असताना हा माणूस एकटा बसून सुईत दोरा ओवत राहिला, कारण माझ्याकडे आणलं असतं तर मी विचारलं असतं, अण्णा, वल्ही इतकी कशाला लागतात?

मेधा परत गेली. एक वल्हं ती मला देऊन गेली, ते माझ्या दुकानात मशिनच्या मागे उभं असतं. वाकडा टाका दिसला की उसवायचा आणि नीट घालायचा, ही माझी जन्माची खोड. गिऱ्हाइकाच्या अंगावरच्या कपड्याचाही मी सोडत नाही. त्या मुठीकडे रोज माझा हात जातो. मी ती नुसती धरते आणि सोडून देते.